दुष्काळ मोजायचा कुठल्या मापानं?

२०२३ सालचा ऑक्टोबर नुकताच संपला होता. माणदेशात राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "अगं, यादी लागली म्हणं दुष्काळाची. वाई हाय, खंडाळा हाय, आमचं माण न्हाई! आमच्या हिरीचा तळ बघितलाय का कुणी?"

त्यांच्या रागात एक सरळ प्रश्न होता. दुष्काळ मोजतात तरी कसा?

त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यापैकी २४ तालुक्यांत गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम. सातारा जिल्ह्यातून या यादीत दोनच नावं होती, वाई आणि खंडाळा. पिढ्यान् पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे माण आणि खटाव बाहेरच!

पूर्वीचं माप होतं आणेवारीचं. सोळा आण्यांचा रुपया गेला, नाव मात्र राहिलं. कागदावर तिला आता पैसेवारी म्हणतात. शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं आणि ते ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून बघायचं. पन्नास पैशांपेक्षा कमी भरलं की टंचाई. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि अंतिम आकडा थेट डिसेंबरात. तोवर बाईच्या डोक्यावर हंडा येऊन दोन महिने झालेले असायचे. शिवाय 'नजर' कुणाची, यावरून गावोगाव तक्रारी व्हायच्या त्या वेगळ्याच.

मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाची नियमावली सुधारायला सांगितलं आणि त्याच वर्षअखेरीस केंद्राची नवी नियमावली आली. आता दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पावसाची. सरासरीच्या तुलनेत तूट किती, मध्ये किती आठवडे खंड पडला, हे बघतात. ही पायरी ओलांडली तरच दुसरी. तिथे पेरणी किती झाली, उपग्रहाच्या चित्रात पीक किती हिरवं दिसतं, जमिनीत ओल किती, धरणात आणि भूगर्भात पाणी किती, हे तपासतात. मग दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी. कुणाच्या मर्जीपेक्षा आकडा बरा, हे मान्यच करायला हवं.

पण गोम आहे 'सरासरी' या शब्दात. प्रत्येक तालुक्याचा पाऊस त्याच्या स्वतःच्या सरासरीशी ताडला जातो. समजा, एका तालुक्याची सरासरी हजार मिलिमीटर आहे आणि पडला सातशे. म्हणजे सत्तर टक्के. तो तुटीचा ठरला. दुसऱ्याची सरासरीच साडेचारशे आणि पडला साडेतीनशे. म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याहत्तर टक्के! हा ७५ टक्क्यांच्या रेषेवर तरला. प्रत्यक्षात पाणी मात्र पहिल्याच्या निम्मंच. ज्याला कायमच अर्धपोटी राहायची सवय, त्याचा उपास मोजायचाच नाही, असा हा हिशेब.

उपग्रहाचंही तसंच. कालव्याच्या कडेचा ऊस हिरवा आणि माळावरची वेडी बाभूळही हिरवीच. तालुक्याची एकत्र सरासरी काढली की करपलेली बाजरी त्या हिरव्यात झाकली जाते.

ओरड झाल्यावर १० नोव्हेंबरला आणखी १०२१ महसूल मंडळांना सवलती मिळाल्या. तालुक्याऐवजी मंडळ हे एकक धरलं आणि पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असण्याबरोबरच एकूण ७५० मिलिमीटरपेक्षाही कमी हवा, अशी अट घातली. म्हणजे प्रत्यक्ष किती पाणी पडलं याला थोडी तरी किंमत आली. ७५चा उंबरठा मात्र तिथेच राहिला.

यादीत नाव असण्याला एवढं महत्त्व का? कारण त्याबरोबर शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, रोजगार हमीचे शिथिल निकष, टँकर आणि मुलांची परीक्षा फी माफ, हे सगळं येतं. फी भरायला पैसे नसले की आधी शाळा कुणाची सुटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि आता आपल्या घरातलं माप. दुष्काळात टँकरचं पाणी धरतात माणशी रोज वीस लिटर. पाच जणांच्या घराला शंभर लिटर, म्हणजे साधारण आठ हंडे. एका खेपेला दोन हंडे धरले तर चार खेपा. विहीर एक किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर, त्यातले चार भरल्या हंड्यांनिशी! जनावरांचं पाणी यात धरलेलंच नाही. पिकाचं वजन होतं, पावसाचं मिलिमीटर होतं, पण ही आठ किलोमीटर दुष्काळ ठरवणाऱ्या कुठल्याच तक्त्यात नाहीत.

हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी स्वतःचा पाऊस मोजतं, विहिरींची पातळी बघतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. आपल्या गावात बचत गटाच्या बायकांनी एक वही घातली तर? विहीर कधी आटली, खेपा किती झाल्या, टँकर किती दिवसांनी आला, कुठली मुलगी पाण्यापायी शाळेत गेली नाही, तारखेसह सगळं लिहायचं आणि ग्रामसभेत मांडायचं. पाहणीला पथक आलं की तीच वही पुढे ठेवायची. आकड्याला उत्तर आकड्यानेच द्यावं लागतं.

जाऊबाईंना हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "वही घालते बाई. पण लिहायचं कवा? पाणी भरून झाल्यावर?"