फटीग फक्त मशीन डिझाइनच्या पेपरातच?

गॅदरिंगची क्रॉसकंट्री लागली की आपल्या होस्टेलला पळण्याचं वेड लागतं. एरवी मेसपर्यंत चालायचा कंटाळा असलेली मंडळी पहाटे साडेपाचला ग्राउंडवर! सल्ला एकच, "राउंड वाढव." माझ्या रूम पार्टनरने गेल्या वर्षी तेच केलं. पंधरा दिवसांत दोनाचे बारा राउंड. नडगी दुखायला लागली तर सीनियर म्हणतात, "दुखणारच, पळत राहा." शेवटी एक्स-रेत हाडाला बारीक चीर निघाली आणि पठ्ठ्याने गॅदरिंग कॉटवर पडून ऐकलं.

या सल्लागारांना मला ॲलिस्टर ब्राउनली दाखवायचा आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्णपदक त्याने जिंकलं. १५०० मीटर पोहून आणि ४३ किलोमीटर सायकल मारून झाल्यावर हा गडी शेवटचे १० किलोमीटर २९ मिनिटं ७ सेकंदांत धावला. त्याच ऑलिंपिकमध्ये ताज्या पायांच्या मो फाराने १०,००० मीटर जिंकायला साडेसत्तावीस मिनिटं घेतली होती. (ती शर्यत डावपेचांची होती, मान्य. तरीही!)

गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीला ब्राउनलीच्या टाचेमागचा स्नायूबंध, म्हणजे अकिलीस टेंडन, फाटला होता. जमिनीवर धावणं बंद. मग तो पाण्यात धावायचा.

यातलं मेकॅनिक्स बघा. धावताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट बलाने पायाला उलट ढकलते. अकिलीस टेंडन ही स्प्रिंग. पाय टेकला की ताणते, ऊर्जा साठवते आणि पाय उचलताना परत देते. तेवढं स्नायूंचं काम वाचतं. सायकलवर ना तो धक्का, ना ती स्प्रिंग. म्हणून सायकलवरून उतरल्यावर पाय दुसऱ्याचे वाटतात आणि म्हणूनच हे खेळाडू सायकल संपली की लगेच धावण्याचा वेगळा सराव करतात. उलट, पाण्यात हृदयाला आणि फुप्फुसांना काम मिळतं, पण धक्का जवळजवळ नाही. ब्राउनलीने इंजिन चालू ठेवलं आणि चासी दुरुस्त होऊ दिली, असं म्हणा हवं तर.

आपली मंडळी नेमकी इथेच फसतात. दम काही आठवड्यांत वाढतो, हाड आणि टेंडन यांना महिने लागतात. दम आहे म्हणून राउंड वाढवायचे, म्हणजे जुन्या लूनाच्या चासीवर बुलेटचं इंजिन बसवायचं! त्यात कोणीतरी "टाच टेकवू नको, चवड्यावर पळ" सांगतो. चवड्यावर पळाल्याने गुडघ्यावरचा लोड कमी होतो खरा, पण तो पोटरीवर आणि अकिलीसवर जातो. लोड नाहीसा होत नाही हे फर्स्ट इयरला अप्लाइड मेकॅनिक्समध्ये शिकलोच ना आपण? आणि कमी लोडसुद्धा लाखो वेळा दिला तर पार्ट तुटतो, हे मशीन डिझाइनमध्ये. हाडाचं बरं इतकंच की स्टीलसारखं नाही, वेळ दिला तर ते स्वतःला दुरुस्त करतं.

तो वेळच जिमखाना देत नाही. क्रॉसकंट्रीची नोटीस पंधरा दिवस आधी लागते. ती तीन महिने आधी, सबमिशनच्या तारखांबरोबरच लावा, एवढंच मागणं आहे. खर्च एका कागदाचा.

रूम पार्टनर सध्या रोज संध्याकाळी सायकल मारतो. यंदाही नाव देणार म्हणतो. नोटीस बोर्ड बघून येतो अधूनमधून.