शाल-श्रीफळाच्या पुढे माजी सैनिक संघटना जाणार की नाही?

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते एका तहामुळे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या हातून गेला. मात्र त्याच तहात शिंद्यांच्या काही बड्या सरदारांच्या तनख्याची आणि जहागिरीची तजवीज करायला दोन्ही बाजू विसरल्या नाहीत. अडगावच्या रानात जे पायदळ मेले त्याच्या बायका-पोरांचे काय, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडलाही नाही. सरदाराला तनखा आणि शिपायाला काहीच नाही, ही रीत इतकी जुनी आहे.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे तालुक्या-तालुक्यांत चालणाऱ्या माजी सैनिकांच्या आणि सैनिक कल्याणाच्या संघटना. वऱ्हाडात असा तालुका शोधून सापडणार नाही, जिथे फौजेतून परत आलेली माणसे नाहीत. त्यांच्या संघटनांचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले असते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन, २६ जुलैला कारगिल विजय दिन, ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी संकलन, १६ डिसेंबरला विजय दिवस. वीरमाता आणि वीरपत्नींना शाल, श्रीफळ, साडी. आमदार साहेबांचे भाषण, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. यात वाईट काही नाही. ज्या घराने मुलगा गमावला त्या घराचा सत्कार झालाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की २६ जानेवारीला जिच्या खांद्यावर शाल पडते, ती बाई फेब्रुवारीत पेन्शनचा कागद घेऊन एकटीच का फिरते?

वकिली करताना आमच्यासमोर जे कागद येतात, त्यातले निम्मे दुखणे नावाचे असते. फौजेच्या कागदात बायकोचे नाव 'सखू', आधार कार्डावर 'सखूबाई', बँकेच्या पासबुकात तिसरेच काही. जन्मतारीख कोणीतरी अंदाजाने टाकलेली. पतीने भरतीच्या वेळी सांगितले ते कारकुनाने लिहिले आणि लग्नाची नोंद, म्हणजे ज्याला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात, ती कधी झालीच नाही. पूर्वी हे बँकेच्या मॅनेजरच्या ओळखीने निभावून जात असे. आता पेन्शन 'स्पर्श' नावाच्या संगणकीय प्रणालीवर आली. दरवर्षी हयातीचा दाखला तिथे चढवावा लागतो. संगणकाला 'सखू' आणि 'सखूबाई' एकच आहेत हे कळत नाही. शहरातला निवृत्त कर्नल मुलाच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत हे उरकतो. खेड्यातल्या शिपायाची विधवा मात्र तालुक्याला येते, तिथून जिल्ह्याला जाते आणि तिथे तिला रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा असे सांगतात. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. पत्र कोणी लिहायचे?

आमच्या मते संघटनेची खरी परीक्षा इथे आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, विवाहाची नोंद, अपत्यांची नोंद हे सगळे एकदा तपासून गावनिहाय नोंदवही केली तर किती घरांचे हाल वाचतील! राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि विधवांच्या घराला मालमत्ता करातून सूट देणारी योजना आणली. तिचा लाभ आपल्या ग्रामपंचायतीत किती जणांनी घेतला, याची यादी तालुक्याच्या संघटनेकडे असायला हवी. गट क आणि गट ड च्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते समांतर आहे, म्हणजे अनुसूचित जातीचा माजी सैनिक अनुसूचित जातीच्या कोट्यातच मोजला जातो आणि उमेदवार मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्याला जाते. अर्जात कोणता रकाना भरायचा हे न कळल्यामुळे हक्क बुडतो. हे समजावून सांगायला मंडप लागत नाही, एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात.

अपंगत्वाच्या पेन्शनचेही असेच आहे. धर्मवीर सिंग हा सैन्यातला एक साधा शिपाई. १९८५ ला भरती झाला, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवला गेला आणि हा आजार नोकरीमुळे झालेला नाही असे सांगून त्याची पेन्शन नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी आजाराची नोंद केलेली नसेल, तर माणूस धडधाकट होता असे धरले पाहिजे. आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, शिपायाची नाही. हा निकाल एका शिपायाने मिळवला, पण तो हजारोंच्या कामाला आला. आमच्याकडे मात्र वीस वर्षांपूर्वी 'आजारी' म्हणून घरी आलेला माणूस आजही नशिबाला दोष देत बसलेला दिसतो. त्याला सशस्त्र दल न्यायाधिकरण नावाचे काही आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे, हे कोणी सांगितलेलेच नसते.

माजी सैनिकांची संघटना म्हणजे अर्ज-विनंत्यांचे ठाणे, ही कल्पना आमची नवी नाही. आंबेडकरी समाजाच्या इतिहासात तर ती आरंभापासून आहे. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी दापोलीत अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. इंग्रज सरकारने १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडणारा अर्ज त्यांनी सिद्ध केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. १९१७ मध्ये महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. म्हणजे जवळपास पन्नास वर्षे हा लढा अर्जांवर चालला.

एवढा अट्टाहास कशासाठी? केवळ बंदूक खांद्यावर घेण्याच्या हौसेने नव्हे. फौजेत पगार होता, पलटणीत मुलांना शाळा होती आणि म्हातारपणी पेन्शन होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मास्तर होते. अस्पृश्याच्या घरात पुस्तक आले ते या दाराने. भरती बंद झाली तेव्हा ज्यांच्या पुढच्या पिढ्यांचे शिक्षण बुडाले, त्यांची गणती कोणी केली आहे काय? (आज वाडा आणि जमीन असलेल्यांना देशभक्ती फुकट करता येते. ज्याला जमीन नाही त्याच्यासाठी फौज ही नोकरी सुद्धा असते. हे बोलले की काहींना राग येतो. येऊ द्या.)

आता त्या दारावर नवी पाटी लागली आहे. १४ जून २०२२ रोजी केंद्राने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षांची नोकरी. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, बाकीचे घरी. पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातून ३० टक्के सेवानिधीत कपात. तेवढीच रक्कम सरकार घालते आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार हातात पडतात. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कॅन्टीन नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माजी सैनिक हा दर्जाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ ला योजना वैध ठरवली आणि १० एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. न्यायालयाचा रस्ता तिथे अडला. निकाल मान्य आहे, पण धोरण बदलून मागण्याचा नागरिकाचा हक्क निकालाने संपत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला अग्निवीर अक्षय गवते यांचा मृत्यू झाला. कर्तव्यावर असताना तिथे मरण पावलेला हा पहिला अग्निवीर आपल्या वऱ्हाडाचा, बुलढाणा जिल्ह्यातला होता. तेव्हा सैन्याने खुलासा केला की कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचा पगार वगैरे मिळेल. बेरीज एक कोटीच्या पुढे जाते. ही रक्कम लहान नाही आणि ती मिळत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण कायम सैनिक युद्धजन्य परिस्थितीत गेला तर त्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराइतकी कुटुंब पेन्शन आयुष्यभर मिळते आणि महागाईप्रमाणे वाढते. अग्निवीराच्या घरी एकदाच पैसे येतात. बर्फ दोघांनाही सारखाच गारठवतो. जो मेला नाही पण हात-पाय गमावून आला, त्याला अपंगत्वाच्या प्रमाणात १५, २५ किंवा ४४ लाख एकरकमी. धर्मवीर सिंगने ज्या पेन्शन नियमांच्या आधारे लढाई जिंकली, ते नियमच अग्निवीराला लागू नाहीत. पंचविशीत अपंग झालेल्या मुलाने ते १५ लाख किती वर्षे पुरवायचे?

पहिल्या तुकडीची मुले डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. चार वर्षे रायफल हाताळलेला बावीस-पंचवीस वर्षांचा तरुण पानमळ्याच्या, संत्र्याच्या, कपाशीच्या गावात परत येतो तेव्हा त्याचे काय, हे आधी ठरवायचे असते. हरियाणाने २०२४ मध्ये पोलीस शिपाई, वनरक्षक अशा पदांवर १० टक्के आणि उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये पोलीस भरतीत २० टक्के जागा अग्निवीरांसाठी ठेवण्याचा निर्णय केला. महाराष्ट्रात १५ टक्क्यांच्या माजी सैनिक कोट्याचे दार अग्निवीराला उघडायचे, की वेगळा वाटा द्यायचा, की चौकीदारीच्या नोकऱ्यांवर बोळवण करायची, यावर तालुक्यातल्या संघटनांनी बोलले पाहिजे. अंजनगावपासून बोलले पाहिजे. जुन्या माजी सैनिकांना भीती वाटते की आपल्या कोट्यात वाटेकरी येतील. भीती खोटी नाही. म्हणूनच वेगळा वाटा मागणे शहाणपणाचे.

परंतु आधी घरातला प्रश्न. बहुतेक संघटनांच्या घटनेत सभासद कोण, तर 'माजी सैनिक व त्यांच्या विधवा' असे लिहिलेले असते. कायद्याने अग्निवीर माजी सैनिक नाही, म्हणजे तो आपल्याच गावच्या संघटनेचा सभासद होऊ शकत नाही! सरकारने त्याला दर्जा नाकारला हे ठीक, मग संघटनेनेही नाकारायचा? सभासदत्वाचा नियम बदलायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. संस्थेचे उद्देशच वाढवायचे असतील तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोन सभा आणि तीन-पंचमांश बहुमत लागते, दोन सभांत एक महिन्याचे अंतर हवे. घटना बदलल्यावर नवी कार्यकारिणी निवडली, तर तो बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा. काम किचकट नाही. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला निमित्त करून पहिली सभा बोलावली, तर जानेवारीत दुसरी होऊ शकते. ठरावाचा मसुदा लिहून द्यायला आम्ही वकील मंडळी फी न घेता तयार आहोत. नोटीस मात्र सेक्रेटरीने वेळेवर काढावी आणि ती वीरपत्नींनाही पोचवावी, कारण सभासद त्याही आहेत.