सिव्हिल इंजिनिअर ते जिहादी उपदेशक

जिहादी उपदेशक म्हटलं की आपल्याला पेशावरकडचा मदरसाच आठवतो. पण अन्वर अल-अवलाकी बघा. जन्म १९७१, अमेरिकेत. वडील येमेनी, पुढे तिथले कृषिमंत्री. हा कोलोरॅडोत १९९४ला सिव्हिल इंजिनिअर झाला. म्हणजे आपल्यातलाच की!

मग सॅन डिएगोत आणि व्हर्जिनियात इमाम. अस्खलित इंग्रजीत पैगंबरांच्या गोष्टींच्या सीडी. पुढे ब्रिटन, २००४मध्ये येमेन, २००६मध्ये तुरुंग. सुटल्यावर उघड जिहादची भाषा. श्रोत्यांचा विश्वास मात्र त्या जुन्या सीडींनी आधीच कमावलेला. २०१०मध्ये लंडनला एका तरुणीने खासदार स्टीफन टिम्स यांना भोसकलं, ते नेटवर याची भाषणं ऐकून. २०११मध्ये ड्रोनने तो मेला. यूट्यूबने त्याची भाषणं सरसकट काढायला २०१७ उजाडलं!

मला विचाराल तर नुसते मदरसे तपासून हे थांबणार नाही. आणि प्रत्येक मुसलमानाकडे संशयाने बघणं म्हणजे त्याचंच काम सोपं करणं. 'जग तुमच्याशी युद्ध करतंय' हेच तर तो सांगायचा. त्याच मुलांशी, तितक्याच सोप्या भाषेत बोलणारे दुसरे इमाम हवेत. ड्रोनपेक्षा ते स्वस्त पडतील, पण वेळ लागेल.