निष्ठावंताचे मत कुणाच्या खात्यात?

सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला बजावले, की ‘घड्याळ’ चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे, असा खुलासा ३६ तासांच्या आत वर्तमानपत्रांतून छापा, मराठी वर्तमानपत्रांतूनही. हा खुलासा कुणासाठी? १९९९ पासून घड्याळासमोरचे बटण दाबत आलेल्या माणसासाठी. पंचवीस वर्षे ज्या चिन्हाला मत दिले ते आता नक्की कुणाचे, हे त्याला जाहिरातीच्या चौकटीतून कळायचे. आणि २० नोव्हेंबरला त्याने विधानसभा निवडणुकीच्या मतदानाला जायचे होते.

या सदरात उमेदवारांपेक्षा मतदारांविषयीच अधिक लिहिले गेले आहे. या निवडणुकीत सर्वांत वाईट वागणूक कुणाच्या वाट्याला आली असेल, तर ती निष्ठावंत मतदाराच्या, असे माझे ठाम मत झाले आहे. कुंपणावरच्या मतदाराला सगळेच विचारतात. महिलांच्या मासिक मदतीच्या १५०० रुपयांचे २१०० करू, असे कुणी म्हणाले, कुणी ३००० देऊ म्हणाले. निष्ठावंत मात्र हिशेबात आधीच धरलेला असतो. त्याला कुणी काही विचारत नाही; फक्त दर वेळी नवा आदेश येतो.

प्रभादेवीच्या एका चाळीत मतदानाच्या काही दिवस आधी शिवसेनेच्या एका माजी गटप्रमुख बाईंबरोबर तिन्ही मजले फिरले. चाळीत त्यांना सगळे वहिनी म्हणतात. हातात मतदार यादीच्या झेरॉक्स आणि पेन्सिल. पूर्वी आपल्या मताच्या नावापुढे एक बारीक टिक केली की काम भागायचे. या वेळी त्या अक्षरे लिहीत होत्या: म, ध, इ. मशाल, धनुष्यबाण, इंजिन. माहीम मतदारसंघात महेश सावंत (मशाल), सदा सरवणकर (धनुष्यबाण) आणि अमित ठाकरे (इंजिन) अशी तिरंगी लढत होती, आणि तिघांचीही मुळे एकाच शिवसेनेत. यादीत एका घरासमोर तिन्ही अक्षरे होती. मी विचारले, तर वहिनी म्हणाल्या, “बाप बाणाचा, थोरला मशालीचा, धाकटा राजसाहेबांचा. जेवायला वेगवेगळे बसतात.” मग जिना उतरताना म्हणाल्या, “बाण दाखवला तर लोक विचारतात, तुम्ही शिंदेंकडे गेलात काय? मशाल दाखवली की म्हातारी माणसं विचारतात, मग आपला बाण कुठंय? २०१९ ला कमळवाल्यांबरोबर बूथवर टेबल लावलं. महिन्याभरात सांगितलं, आता ते आपले नाहीत. तेही ऐकलं. आम्हाला विचारायला कधी कोण आलं?”

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. वहिनींचा राग बंडखोरांवर आहेच, पण तेवढ्यावर थांबत नाही. २०१९ मध्ये युती म्हणून मते मागितली गेली, भाजपचे १०५ आणि सेनेचे ५६ आमदार आले, आणि महिन्याभरात दोन्ही पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले. भाजप आणि अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी २३ नोव्हेंबरला झाला आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर दुसरा, उद्धव ठाकरेंचा. युतीला मत देणाऱ्याला त्यातला कोणता मान्य होता, हे कुणी विचारले नाही. जून २०२२ मध्ये सेनेचे आमदार एकनाथ शिंदेंसोबत सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. तेव्हाही विचारले नाही.

विचारले नाही, पण त्याचे मत मात्र वापरले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंना दिले. पक्षाची घटना आणि संघटना यांवरून निवाडा करता येत नाही, म्हणून विधिमंडळातले बहुमत हा निकष आयोगाने लावला. त्यासाठी केलेले गणित असे: २०१९ मध्ये सेनेचे जे उमेदवार विजयी झाले, त्यांच्यापैकी शिंदेंसोबत गेलेल्या ४० आमदारांना विजयी उमेदवारांच्या एकूण मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते मिळाली होती. म्हणजे वहिनींसारख्या माणसाने २०१९ मध्ये एका पक्षाला, एका चिन्हाला दिलेले मत २०२३ मध्ये एका आमदाराच्या नावावर जमा झाले आणि त्या आमदाराने ते आपल्या गटाच्या पारड्यात टाकले. मतदाराची सही नाही, संमती नाही, सुनावणीत त्याला जागा नाही. आमदार फुटला म्हणून संतापलेल्या माणसाचे मतसुद्धा त्या फुटीच्याच बाजूने मोजले गेले.

हे विजयी उमेदवारांचे झाले. सेनेला २०१९ मध्ये राज्यभर मिळालेली मते होती सुमारे ९० लाख. त्यातली ४२ लाखांहून अधिक मते पडलेल्या उमेदवारांची. ती धरली, तर त्या ४० आमदारांचा वाटा सुमारे ४० टक्क्यांवर येतो आणि ठाकरेंच्या बाजूच्या १५ आमदारांचा सुमारे १२ टक्क्यांवर. उरलेले निम्म्याच्या आसपास मतदार कुणाच्याच बाजूला नाहीत, कारण त्यांचा उमेदवार हरला होता. पडणार हे दिसत असतानाही पक्षाला मत देतो, तो खरा निष्ठावंत. त्यालाच या निवाड्यात तोंड नाही. ठाकरेंची बाजू खरी की शिंदेंची, हा माझा मुद्दा नाही. आयोगाने दुसऱ्या बाजूने निकाल दिला असता, तरी मतदाराला विचारण्याची सोय कुठेच नव्हती.

कायद्याने ही गाठ आणखी घट्ट केली आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले. राहिले ते फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचे. हेतू चांगला होता. पण त्यामुळे फुटणाऱ्याला ‘आम्ही फुटलो’ असे म्हणण्याची सोय उरली नाही. आता प्रत्येक गट ‘आम्हीच मूळ पक्ष’ म्हणतो, आणि भांडण थेट नावावर आणि चिन्हावर येते. मतदाराने ज्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, नेमके त्यावर. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या हाती. तो साधारण तीन महिन्यांत व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात म्हटले होते. आपल्याकडे दीड वर्ष गेले, आणि १० जानेवारी २०२४ रोजी निकाल आला, की दोन्ही गटांतले कुणीच अपात्र नाही. त्याआधी ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणे चुकीचे आणि शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदा ठरवली होती. पण ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले. चूक झाली हे मतदाराने ऐकले. ती दुरुस्त झालेली त्याला दिसली नाही.

ही कुचंबणा एका पक्षाची नाही. सिंचन प्रकरणात बैलगाडीभर पुरावे नेणाऱ्या भाजप नेत्यांचे ज्याने कौतुक केले, त्याला २०२४ मध्ये काही मतदारसंघांत घड्याळाचे बटण दाबायचे होते. अशोक चव्हाणांसाठी नांदेडमध्ये पिढ्यान् पिढ्या हाताला मत देणाऱ्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये कळले, की साहेब भाजपमध्ये गेले. बारामतीत २०२४ च्या दिवाळी पाडव्याला लोक दोन ठिकाणी गेले: शरद पवारांना भेटायला गोविंदबागेत आणि अजित पवारांना भेटायला काटेवाडीत. ‘लोकसभेला ताई (सुप्रिया सुळे), विधानसभेला दादा (अजित पवार)’ ही वाटणी बारामतीकराने स्वतःच काढली होती. दोन्ही घरांशी इमान राखायची ती धडपड होती. पण २०२४ च्या विधानसभेला दादांसमोर त्यांचे पुतणे युगेंद्र उभे राहिले, आणि तीही वाट बंद झाली.

मला सर्वांत जास्त चीड आली ती साताऱ्याच्या निकालानंतरच्या चर्चेची. २०२४ च्या लोकसभेला तिथे शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि पिपाणीचे चित्र असलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. पक्षाचे नवे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि यंत्रावर त्या पिपाणीखालीही ‘तुतारी’च लिहिलेले. दिंडोरीत तशाच चिन्हाला एक लाखाहून अधिक मते गेली. ती सगळीच चुकून पडली असे कुणी म्हणणार नाही. पण लगेच ‘अडाणी मतदार’ असा शेरा मारणारे किती निघाले! ज्या म्हातारीने भर उन्हात रांगेत उभे राहून साहेबांची तुतारी शोधली, तिने आपले काम केले होते. गोंधळ तिने घातलेला नव्हता. त्यानंतरच्या विधानसभेसाठी आयोगाने पिपाणीच्या चिन्हाचे मराठी नाव बदलून ‘ट्रम्पेट’ केले. ही दुरुस्ती लोकसभेपूर्वी व्हायला हवी होती.

सांगलीकडे मात्र मी आदराने पाहते. लोकसभेच्या जागावाटपात काँग्रेसची ती जागा ठाकरे गटाला गेली, तेव्हा तिथल्या काँग्रेसच्या मतदाराने अपक्ष विशाल पाटलांना सुमारे एक लाखाच्या फरकाने दिल्लीला पाठवले, आणि निवडून आल्यावर त्यांनी पाठिंबा काँग्रेसलाच दिला. पक्षावर निष्ठा होती म्हणूनच त्या मतदाराने पक्षाचा निर्णय मोडला. निष्ठा म्हणजे होयबा होणे नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे अलीकडे कुणी दाखवलेले नाही.

प्रचारात वरून घोषणा येतच होत्या. ‘बटेंगे तो कटेंगे’, ‘गद्दार’, ‘खोके’. या घोषणा वरच्यांसाठी प्रचारापुरत्या असतात. खाली त्या राहतात. व्यासपीठावर एकमेकांना गद्दार म्हणणारे नेते लग्नकार्यात एका सोफ्यावर बसतात. चाळीत, सोसायटीत, गावच्या पारावर तसे होत नाही. तिथे वीस वर्षांचा शेजार तुटतो, गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या दोन होतात, भाऊ भावाच्या दारात स्लिपा ठेवून निघून जातो.

म्हणून मतदानाला जाऊ नका किंवा ‘नोटा’ दाबा, असे मी म्हणणार नाही. अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत ‘नोटा’ला १२,८०६ मते पडून ती दुसऱ्या क्रमांकावर आली, आणि त्यातून कुणाचेही काही बदलले नाही. मागणी एकच हवी. ज्या चिन्हावर निवडून आलात ते सोडायचे असेल, तर आधी आमदारकी सोडा आणि पुन्हा आमच्यासमोर या. दोन तृतीयांशांची पळवाट कायद्यातून काढावी आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या मर्जीवर न ठेवता ठरावीक मुदतीत बांधावा. हे संसदेचे काम आहे आणि ते लांबेल. उमेदवाराकडून शब्द घ्यायला मात्र संसदेची गरज नाही. पत्रकावर, स्वतःच्या सहीने, एका ओळीत: पक्ष बदलला तर राजीनामा देईन. त्याला कायद्याचा आधार नसेल, पण पाच वर्षांनी तो कागद त्याच्यासमोर धरता येईल.

 पुढच्या प्रचारात जो कुणी दारात येईल, आपल्या पक्षाचा असला तर आधी त्यालाच, ही एक ओळ लिहून मागा.