किशोरांच्या झोपेचे काय?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. हेतू स्तुत्यच, परंतु झोपेची खरी ओढाताण होते ती त्यापुढील वर्गांची. वयात येताना शरीराचे घड्याळच मागे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही. वर्गातील त्यांच्या जांभयांना आळस म्हणणे अन्यायाचे होय. कॅलिफोर्नियात, ग्रामीण भाग वगळता, २०२२ पासून हायस्कुले साडेआठपूर्वी भरविण्यास कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे एकाच इमारतीत दोन सत्रे चालवावी लागतात, ही अडचण खोटी नव्हे. परंतु इमारतींची ती तूट शासनाने तिजोरीतून भरून काढावी. सातच्या घंटेने मुलांच्या झोपेतून नव्हे.