सामायिक फाईल अडली म्हणून कुलूपच काढू नका

काल रात्री दुकान बंद करताना व्यवस्थित चालणारी हिशेबाची फाईल आज सकाळी उघडत नाही. गल्ल्यावरच्या संगणकावर मार्ग सापडत नसल्याचा इंग्रजी निरोप येतो. किंवा फाईल उघडते आणि बिल अर्धे झाल्यावर तुटते. रात्रीतून कोणी हात लावलेला नसतो. मुख्य संगणकाने आपणहून ‘अपडेट’ घेतलेले असते. साताऱ्यातील घाऊक दुकान असो, सांगलीतील हळद-बेदाण्याची पेढी असो की मिरजेतील तंतुवाद्यांचा कारखाना, जिथे दोन-चार संगणक जोडून एकच खतावणी सगळे वापरतात, तिथे हा प्रसंग कधी ना कधी येतोच.

पुढे काय होते, तेही ठरलेले आहे. दुरुस्तीवाल्याला फोन जातो. तो ‘फायरवॉल’ बंद करतो, पासवर्ड काढून टाकतो, जुनी पद्धत पुन्हा चालू करतो. फाईल उघडते, मालक खूश होतात. आमच्या मते ही दुरुस्ती नव्हे. कुलूप अडते म्हणून दारच उघडे टाकण्याचा हा प्रकार आहे. दोष एकट्या दुरुस्तीवाल्याचाही नाही. ‘किती वेळात होईल’ आणि ‘किती घेणार’ एवढेच आपण विचारतो. ‘काय बदलले’ हे विचारत नाही.

एका संगणकावरची फाईल दुसऱ्यावर दाखवण्याच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली. तिची पहिली आवृत्ती विश्वासावर चालणाऱ्या काळातली होती आणि तिच्यातील उणीव २०१७ साली जगाला महागात पडली. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने उणीव बुजवणारे अपडेट दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे असंख्य संगणक १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग हाच होता. त्यात मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बसले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. म्हणजे दूर कुठेतरी घडलेली ही गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यांतील माल ज्या बंदराची वाट धरतो, तिथपर्यंत ती आली होती.

यानंतर नियम कडक होत गेले. २०१७च्या अखेरीस आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून ही पहिली पद्धत आपोआप बसवणे बंद झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११च्या ‘२४एच२’ आवृत्तीत आणखी दोन बदल झाले. व्यापारी वापरतात त्या ‘प्रो’ प्रकारात पासवर्डाशिवाय ‘पाहुणा’ म्हणून दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरमध्ये शिरणे बंद झाले आणि प्रत्येक निरोपावर मोहोर असण्याची सक्ती आली. पार्सलवर लाखेची मोहोर असते, तशीच ही. वाटेत कोणी उघडले तर कळावे म्हणून ती असते. ही मोहोर पासवर्डाच्या आधारे तयार होते. पाहुण्याला पासवर्ड नाही, म्हणून मोहोर नाही आणि मोहोर नाही म्हणून प्रवेश नाही. बहुतेक दुकानांत ‘अपडेटने बिघाड झाला’ म्हणतात, तो बिघाड नसून हा नवा नियम असतो. कोपऱ्यातील जुनी साठवणपेटी किंवा स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने झेरॉक्स यंत्र याच कारणाने मुके होते.

म्हणून व्यापारी बंधूंनी पहिला प्रश्न विचारावा तो असा : फाईल अजिबात उघडत नाही, की उघडून मध्येच तुटते? दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

अजिबात उघडत नसेल तर कारण बहुधा नियमाचे असते. तक्रार एकाच संगणकाची की सगळ्यांची, हे पाहावे. अपडेटच्या यादीत शेवटची तारीख कोणती, तेही पाहावे. अपडेटनंतर जोडणी ‘प्रायव्हेट’ची ‘पब्लिक’ झाली असेल, तर फायरवॉल फाईल दाखवणे थांबवते. तेव्हा फायरवॉल बंद न करता जोडणी पुन्हा ‘प्रायव्हेट’ करावी. संगणकाच्या नावाने फोल्डर सापडत नाही पण आकडी पत्त्याने सापडते, असे असेल तर दोष फक्त नाव शोधण्यात आहे. पासवर्ड नाही म्हणून नकार येत असेल, तर प्रत्येक कारकुनाच्या नावाने वेगळे खाते आणि पासवर्ड करावा. जुन्या पेटीचे स्वतःचे अपडेट मिळत असेल तर ते घ्यावे. मिळत नसेल तर ती पेटी आता हिशेब ठेवण्याच्या लायकीची राहिली नाही, हे मान्य करावे.

उघडून तुटत असेल, तर आधी तार आणि वीज तपासावी. मुख्य संगणक झोपी जातो का? वीज वाचवण्यासाठी तो नेटवर्कचे कार्ड बंद करतो का? अपडेटनंतर ही सेटिंग पुन्हा पाहून घ्यावी. मुख्य संगणक वायफायवर असेल तर त्याला तार लावावी. १५ मिनिटे कोणी वापर केला नाही तर विंडोज आपणहून जोडणी सोडते आणि त्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते. टिचकी मारताच ती उघडत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी २० पेक्षा जास्त जोडण्या चालत नाहीत, हेही वाढत्या पेढीने ध्यानात ठेवावे. मात्र बिल लिहिता लिहिता जोडणी तुटत असेल तर तसेच रेटू नये. लिहिणे अर्धवट राहिले की हिशेबाची फाईलच खराब होऊ शकते.

काम अगदीच अडले तर मोठे अपडेट साधारण १० दिवसांपर्यंत मागे घेता येते. पण ही उसनवारी आहे. तेवढ्या मुदतीत खरे कारण दूर करावे. अपडेट कायमचे बंद ठेवणे हा तर उपायच नव्हे. २०१७ साली जे बुडाले, त्यांत अपडेट न घेतलेले अनेक होते.

आता मालकाचे काम. आपल्याकडे उधारीचा कागद तिजोरीत असतो, पण मुख्य संगणकाचा पासवर्ड दुरुस्तीवाल्याच्या खिशात असतो. हे उलटे आहे. एक साधी वही घालावी. कोणता संगणक मुख्य, त्याचा पत्ता काय, कोणाची खाती आहेत, कोणत्या तारखेला काय बदलले आणि कोणी बदलले, एवढे त्यात लिहावे. ज्या दिवशी जीएसटीचे विवरणपत्र भरायचे त्याच्या आदल्या दिवशी अपडेट येऊ देऊ नये. ते भरून झाल्यावर, नक्कल काढून, मग घ्यावे. ही नक्कल रोज रात्री काढून संगणकापासून सोडवलेली असावी आणि एक प्रत दुकानाबाहेर असावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले होते. त्या पाण्यापुढे टेबलाखालचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील नक्कल यांत फरक राहत नाही.

लहान कारागिराला हे एकट्याने झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. मग एका पेठेतील आठ-दहा दुकानदारांनी मिळून एक जाणता माणूस वर्षाच्या कराराने ठेवावा. आपल्यातील अनेक मुले संगणकाचा अभ्यास करून नोकरीच्या शोधात आहेत. त्यांच्यातूनच तो मिळेल. त्याला योग्य मोबदला द्यावा आणि प्रत्येक खेपेला वहीत नोंद करायला लावावी. फाईल दहा मिनिटे उशिरा उघडली तर एक गिऱ्हाईक खोळंबते. खतावणीच गेली तर वर्षभराची उधारी कोणाकडे मागायची, हेही सांगता येणार नाही.