फ्लॅटमधली बांबूची लॅम्पशेड सेमाडोहमधून का येत नाही?

छोट्या फ्लॅटमध्ये बांबूची लॅम्पशेड म्हणजे सध्याची स्टाइल. मेळघाटातल्या सेमाडोहभोवती तर बांबूच बांबू. मग तिथल्या कोरकू कुटुंबाने तो तोडला, लॅम्पशेड विणली आणि विकली तर?

कसबाचा प्रश्नच नाही. धारणीजवळ लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात बांबूच्या नाजूक राख्याही बनतात.

अडतं कायद्यात. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळला, पण फायदा झाला तो जंगलाबाहेरच्या बांबूला. जंगलातला बांबू अजूनही वनोपजच. सेमाडोह व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेने दावा करायचा, आणि वाघाच्या अधिवासात तो मान्य करून घेणं सोपं नाही.